बसने गाठता येईल एवढा शेजार ठेवा: नव्या पॅक-१२ च्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
वॉशिंग्टन स्टेट, ऑरेगन स्टेट, बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, गन्झागा आणि टेक्सस स्टेट या विद्यापीठांचे माननीय अध्यक्ष

स. न. वि. वि.

२०२६ च्या १ जुलैपासून तुम्ही नऊ जण एका पाटीखाली नांदायचं ठरवलं आहे. पाटी जुनीच, पॅक-१२, पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या खेळांच्या गटाची, म्हणजे कॉन्फरन्सची. घरात माणसं नऊ आणि दारावर बारा, असं कसं, हे माझ्या भाच्याने विचारलं तेव्हा ‘नावाला बाजारात किंमत असते रे’ एवढंच मला सुचलं.

मी मूळची नाशिकची. १९९६ च्या ऑगस्टात वॉशिंग्टन स्टेटमध्ये अन्नतंत्रज्ञान शिकायला पुलमनला आले, दोन वर्षं राहिले, आणि आता बरीच वर्षं ऑरेगनमध्ये बीव्हर्टनला घर करून आहे. म्हणजे तुमच्यातल्या पहिल्या दोघांपैकी एक माझं माहेर आणि दुसऱ्याच्या राज्यात माझं सासर. मराठीत लिहितेय ते मुद्दाम. इंग्रजी पत्रं तुमच्या कचेरीत ढिगाने येत असणार आणि त्यातली निम्मी तरी अमेरिकन फुटबॉलच्या कोचला घरी पाठवा म्हणून असणार. शिवाय हे पत्र तुमच्याइतकंच माझ्या माणसांसाठीही आहे. बॉइसीत मायक्रॉनमुळे, कोर्व्हॅलिसला एचपीमुळे, हिल्सबरोला इंटेलमुळे आणि सॅन डिएगोला क्वालकॉममुळे आलेल्या मराठी घरांतली पोरं आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत. ती तुमच्याकडे शिकतात, तुमच्या टोप्या घालतात, आणि आईबापांना अजून उमगत नाही की कॉन्फरन्स म्हणजे काय आणि ती मोडली म्हणजे नक्की काय मोडलं. तुम्ही एवढे वकील पोसता, एक दुभाषा काही जड जाणार नाही.

आमच्याकडे हा प्रश्नच येत नव्हता. मी नाशिकच्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचे. कॉलेज पुणे विद्यापीठाच्या हद्दीत, आणि हद्द ठरलेली: पुणे, नगर, नाशिक. सामने त्याच हद्दीत. चांगलं खेळलं की विद्यापीठाच्या संघात निवड, तिथून पश्चिम विभाग, तिथून अखिल भारतीय. प्राचार्यांच्या मनात आलं म्हणून आमचं कॉलेज उद्यापासून चेन्नईच्या गटात जाऊन खेळेल, हे शक्यच नव्हतं. एसटीच्या लाल डब्यात पुढच्या सीटला गुडघे टेकवून संगमनेरला जायचं, सकाळी सामना, दुपारी मिसळ, दिवेलागणीला घरी. हरलो तरी सोमवारच्या प्रॅक्टिकलला हजर.

अमेरिकेत हद्द कुणी आखून देत नाही. इथली कॉन्फरन्स म्हणजे भिशी. कुणाला घ्यायचं ते आतल्यांनी ठरवायचं, नियम आपसात करायचे, येणारा पैसा वाटून घ्यायचा, आणि एकीने मध्येच अंग काढलं की बाकीच्यांची पंचाईत. फरक इतकाच की ही भिशी टीव्हीच्या पैशांची आहे आणि आकडे कोटींतले आहेत. आधी ती तशी नव्हती. तुमच्यातले सात जण या पाटीखाली नवे आहेत, म्हणून जुनी गोष्ट थोडी विस्ताराने सांगते.

२ डिसेंबर १९१५. पोर्टलंडचं इम्पीरियल हॉटेल, माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथे चार विद्यापीठांची माणसं बसली आणि पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स निघाली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, आणि तेव्हा ऑरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज म्हणवणारं आजचं ऑरेगन स्टेट. पैशाचा विषय तिथे नसावा, कारण वाटून घ्यायला फारसा पैसाच नव्हता. भांडण नियमांचं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात खेळवायचं की नाही, यावरून त्याच वर्षी कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्डचं फाटलं होतं. या दोघांनी १९०६ मध्ये फुटबॉल रानटी म्हणून टाकून रग्बी धरली होती. १९१५ ला कॅलिफोर्निया फुटबॉलकडे परतलं, स्टॅनफर्ड रग्बीलाच चिकटून राहिलं आणि या गटात तीन वर्षांनी आलं. त्याआधी १९१७ ला वॉशिंग्टन स्टेट. १९२२ ला सदर्न कॅलिफोर्निया आणि आयडाहो, १९२४ ला मोंटाना, १९२८ ला यूसीएलए. झाले दहा. आगगाडीचे दिवस होते, रात्री बसलं की सकाळी पुढच्या गावी, एवढाच पल्ला. मोंटाना १९५० ला बाहेर पडलं.

यातलं आयडाहो लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येणार आहे.

मी पुलमनला पोचले तोवर नाव पॅक-१० झालं होतं. १९७८ ला ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट आले होते, आणि त्या दहांची एक व्यवस्था होती जिला मी आजही दाद देते. दहा विद्यापीठं म्हणजे पाच जोड्या. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट. ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड. सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए. ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट. बास्केटबॉलचा संघ निघाला की एका फेरीत एक जोडी उरकायचा. गुरुवारी सिएटलला सामना, शनिवारी पुलमनला, रविवारी घरी. पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी तुमच्याकडे. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळायचा, एकदा घरी आणि एकदा दारी, एकूण अठरा सामने. त्यामुळे विजेता कोण यावर वाद घालायला जागा उरत नसे. कुणीतरी प्रवासखर्चाचा कागद पुढ्यात घेऊन ही आखणी केली असणार. गणिताच्या मास्तरांना आवडावी अशी ती होती.

विद्यापीठाच्या दुग्धशाळेचं फर्डिनंड्स म्हणून दुकान आहे. तिथे कूगर गोल्ड नावाचं चीज मिळतं, पत्र्याच्या गोल डब्यात. (डब्यातलं चीज म्हटल्यावर नाक मुरडू नका. आमच्याकडे दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी त्याचे तुकडे असतात.) मी तिथे काउंटरवर काम करायची. हिवाळ्यातल्या शुक्रवारी दुपारी पाहुण्या संघातल्या उंचच उंच मुली आइस्क्रीमच्या रांगेत उभ्या असायच्या. आदल्या रात्री सिएटलला खेळलेल्या, उद्या आमच्याशी. एक जण काउंटरवर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं टाकून एका हाताने कोन धरून वाचत होती. ‘सोमवारी पेपर आहे,’ म्हणाली, आणि आइस्क्रीमचा थेंब पानावर पडला तो बाहीने पुसला. रविवारी संध्याकाळी ती आपल्या खोलीत असणार, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

पुलमन म्हणजे गव्हाच्या टेकड्यांच्या मधलं गाव. जवळचं मोठं शहर स्पोकॅन, ७५ मैलांवर. असल्या गावाला लॉस एंजेलिसच्या बरोबरीने ताटावर बसायला मिळत होतं ते या भिशीमुळे. २२ नोव्हेंबर १९९७ ला ॲपल कपचा सामना सिएटलला होता. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, १९०० पासूनचं वैर. मला फुटबॉलमधलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. मी पोहे परतत होते आणि शेजारच्या खोलीतला आयोवाचा मुलगा टीव्हीपुढे गुडघ्यावर बसला होता. ४१-३५ ने आमचे जिंकले आणि गावातल्या एकूण एक गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. ६७ वर्षांनी रोझ बोल, म्हणजे नववर्षाच्या दिवशीचा मानाचा सामना! आधीची खेप १९३१ च्या १ जानेवारीची. त्या संध्याकाळी अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या आणि पोहे करपले. पुढे १ जानेवारी १९९८ ला पॅसाडिनात मिशिगनने २१-१६ ने हरवलं, शेवटी घड्याळातले दोन सेकंद कुठे गेले यावर पुलमनमध्ये अजूनही वाद होतो, पण तो वाद इथे नको.

आता नको असलेल्या आठवणीकडे येते. २०२३ मध्ये पॅक-१२ चं घर मोडलं ते पहिल्यांदा मोडलं असं सगळे म्हणतात. तसं नाही. १९५६ मध्ये बाहेर आलं की सिएटलचे व्यापारी खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवत होते. लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांत आणि बर्कलीत, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठातही, तेच. सिएटलचं बिंग फुटलं ते काढून टाकलेल्या कोचमुळे. हे जॉन चेरबर्ग पुढे राज्याचे उपराज्यपाल झाले आणि त्या खुर्चीवर ३२ वर्षं बसले, म्हणजे कोच हाकलताना जरा जपून, एवढं आपलं जाता जाता. दंड झाले, उणीदुणी निघाली आणि १९५९ ला पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स विसर्जित झाली. लगोलग पाच बड्यांनी नवी भिशी काढली: कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया, यूसीएलए, वॉशिंग्टन. बाहेर कोण राहिलं? ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. ज्या पैशांवरून तेव्हा घर मोडलं, तेच पैसे आज उजळ माथ्याने देता येतात. जुलै २०२५ पासून विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, कोर्टाच्या संमतीने.

त्याच सुमाराला आणखी एक गंमत झाली होती. त्या पाच जणांचे आयुक्त टॉम हॅमिल्टन हे निवृत्त ॲडमिरल. त्यांच्या डोक्यात देशभराची कॉन्फरन्स होती: पश्चिमेचे पाच, लष्कर, नौदल आणि हवाईदलाच्या अकादम्या, नोत्र दाम, पिट्सबर्ग वगैरे. लोक तिला विमान कॉन्फरन्स म्हणायचे. जेट विमानं नुकती आली होती आणि प्रत्येकाला ती कुठे ना कुठे वापरायची होती. पेंटॅगॉनने नकार दिला आणि बेत बारगळला. मग विमानात बसायला निघालेले पाच जण पुन्हा शेजाऱ्यांकडे वळले. १९६२ ला वॉशिंग्टन स्टेटला आत घेतलं, १९६४ ला दोन्ही ऑरेगनना. १९६८ ला पॅक-८ हे नाव आलं.

आयडाहोला कुणी बोलावलं नाही. पुलमनपासून आयडाहो विद्यापीठाचं मॉस्को हे गाव आठ मैल. आठ! मधे फक्त राज्याची रेषा आणि गहू. १९२२ पासून एका पंगतीला बसलेला सख्खा शेजारी, आणि आपल्याला आत घेतल्यावर आपण मागे वळून ‘त्यालाही घ्या’ म्हटल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आयडाहो पुढे बिग स्काय या लहान गटात गेलं. वॉशिंग्टन स्टेटच्या अध्यक्षांनी हे मनाला लावून घेऊ नये. तुम्ही तेव्हा नव्हता, मीही नव्हते. पण माहेरची चूक म्हणून मला ती सलते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. २०१० च्या उन्हाळ्यात टेक्सस आणि ओक्लाहोमाकडच्या बड्यांना आणून सोळांचं घर बांधायचा घाट घातला गेला. टेक्सस आलं नाही. २०११ ला कोलोरॅडो आणि युटा आले आणि बारा झाले, सहावी जोडी. २०१२ ला स्वतःचं टीव्ही चॅनल काढलं, पूर्ण मालकीचं, कुणाचा भागीदार नको म्हणून. डायरेक्टीव्ही या डिशवाल्या कंपनीने ते कधीच घेतलं नाही. आमच्या घरी डायरेक्टीव्हीच होता. म्हणजे आमच्याच गटाचे सामने बघायला आम्ही मित्रांकडे जायचो, येताना भेळेचं सामान घेऊन. ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन आणि एसीसी या दोन बड्या गटांशी ‘आघाडी’ जाहीर झाली. कागदावर सही नाही, एकमेकांच्या शब्दावर विश्वास. आमच्या गावाकडे जमिनीचा व्यवहार असा केला तर लोक हसतात. वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० जून २०२२ ला, त्याच बिग टेनने सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए उचलले. दोनच महिन्यांत बिग टेनचा टीव्हीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार झाला. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, उरलेल्या नऊ जणांनी सामने दाखवण्याच्या ॲपलच्या करारावर सह्या करायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यातले पाच निघून गेले होते: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, दोन्ही ॲरिझोना आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया गेले, त्याच एसीसीत, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या गटात. तेही टीव्हीच्या पैशातला जेमतेम ३० टक्के वाटा पहिली सात वर्षं घ्यायच्या कबुलीवर. बर्कलीच्या टेकडीवरून पॅसिफिक दिसतो. त्यांना कुणी नकाशा दाखवला नसावा.

इथे एक गोष्ट पाहा, जी मला कुठे लिहिलेली दिसली नाही. सहा जोड्या होत्या. चार जोड्या जोडीनेच गेल्या. फुटल्या त्या दोनच, वायव्येच्या. वॉशिंग्टन गेलं आणि वॉशिंग्टन स्टेट राहिलं. ऑरेगन गेलं आणि ऑरेगन स्टेट राहिलं. मोठ्या गावातला भाऊ गेला, शेताकडचा राहिला. राहिलेले दोघेही शेतीची कॉलेजं म्हणून वाढलेले, हा योगायोग नाही.

मग वाटणीचा दावा. जाणारे दहा म्हणत होते की जाईपर्यंत संचालक मंडळावर आम्हीच बसणार आणि गल्ल्याचं काय करायचं ते आम्हीच ठरवणार. राहिलेले दोघे कोर्टात गेले. कोर्ट कुठलं, तर व्हिटमन काउंटीचं, कोल्फॅक्सला, जिथे धान्याच्या कोठ्या शाळेपेक्षा उंच आहेत. नियमावलीत लिहिलं होतं की सोडायची नोटीस दिली की मंडळावरची जागा गेली. आणि आधी नोटीस दिलेल्यांना याच दहांतल्या उरलेल्यांनी याच नियमाने उठवलं होतं. १४ नोव्हेंबर २०२३ ला न्यायाधीशांनी घर राहिलेल्या दोघांच्या ताब्यात दिलं. १५ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या दिवशी मी कूगर गोल्डचा डबा फोडला हे कबूल करते.

पण पुढे काय केलंत? दोघांच्या पंगतीला खेळायला माणसं नव्हती, तेव्हा माउंटन वेस्ट या शेजारच्या गटाने हात दिला. २०२४ च्या मोसमात तुम्हा दोघांना सहा-सहा सामने दिले. पैसे घेतले, १ कोटी ४० लाख, पण दिले. करारात एक अट होती: आमची माणसं पळवलीत तर दंड. त्या मोसमाचं पहिलं पान उलटतं न उलटतं तोच, सप्टेंबर २०२४ मध्ये, तुम्ही त्यांचे पाच सदस्य घेतलेत, बॉइसी, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो, सॅन डिएगो, युटा स्टेट, आणि वर ती अटच बेकायदा आहे म्हणून त्याच महिन्यात कोर्टात गेलात. वकिली भाषेत तुमचं बरोबर असेलही. शेजारधर्माच्या भाषेत याला जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, घरात लहान मुलं वाचतात.

आणि आलेल्या पाचांनो, तुमचाही इतिहास मला ठाऊक आहे. माउंटन वेस्ट जन्माला आलं तेच फुटून. १९९८ मध्ये डब्ल्यूएसी नावाच्या सोळांच्या जुन्या गटातून आठ जण बाहेर पडले, त्यांत कोलोरॅडो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट होते. मागे टाकलेल्यांत कोण होतं? फ्रेझ्नो स्टेट. ते माउंटन वेस्टमध्ये पोचलं २०१२ ला. आता तिघे एका टेबलाभोवती बसणार आहात. पहिल्या बैठकीत चहाच्या वेळी फ्रेझ्नोच्या अध्यक्षांनी हा विषय जरूर काढावा. सोडून जाणं आणि सोडलं जाणं, दोन्ही चवी तुम्हा सगळ्यांच्या जिभेवर आहेत. म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा ठेवावी असं वाटतं. लॉस एंजेलिसवाल्यांकडून मी ठेवत नाही.

माझं मागणं फुटबॉलबद्दल नाहीच. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, शनिवारी. त्याला भाड्याचं विमान मिळतं. तो दीड हजार मैल गेला तरी बिघडत नाही. पुलमन ते टेक्सस स्टेटचं गाव सॅन मार्कोस तेवढं तर आहेच, आणि टेक्सस स्टेटला तुम्ही का घेतलं हेही कळतं: नियमाने फुटबॉलचे आठ सदस्य लागतात आणि गन्झागाकडे फुटबॉल नाही. हरकत नाही. प्रश्न बाकीच्या पोरांचा आहे. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, टेनिस, धावणारी मुलं. फुटबॉलच्या पैशासाठी घर मोडतं आणि सामान या पोरांच्या डोक्यावर येतं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी अशाच एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते, जे पश्चिमेचं आहे आणि आता पूर्वेकडच्यांशी खेळतं. नाव घेत नाही, मुलीला अजून तिथेच शिकायचं आहे. गेल्या ऑक्टोबरात तिने आईला रात्री फोन केला, विमानतळावरून. आमच्याकडे अकरा वाजले होते, तिच्याकडे दोन. जोडविमान हुकलं होतं, संघ गालिच्यावर बॅगा उशाला घेऊन पसरला होता. ही कोपऱ्यातल्या प्लगजवळ बसून जैवरसायनशास्त्राची प्रश्नावली भरत होती, कारण ती पश्चिमेच्या वेळेने मध्यरात्री बंद होणार होती. ‘आई, माझं कुठलं घड्याळ खरं?’ एवढंच म्हणाली. मैत्रीण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन चहा न पिताच बसून राहिली. यूसीएलए गेलं तेव्हा राज्याच्या विद्यापीठ मंडळाने त्याच्यावर अट घातली, बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे, तीन वर्षं. घराला झालेलं नुकसान मोजता येतं, असं निदान कुणीतरी मान्य केलं. या मुलीच्या रात्री कुणी मोजल्या नाहीत.

तर नियमावलीत बसचा नियम लिहा. फुटबॉल सोडून प्रत्येक खेळात प्रत्येक संघाचे निम्मे तरी सामने असे हवेत, जिथे बसने जाऊन त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या सकाळी परत येता येतं. समोरचा संघ कुठल्या कॉन्फरन्सचा आहे ते बघू नका. पुलमनला गन्झागा ७५ मैलांवर आहे, घरचंच आहे. ऑरेगन स्टेटच्या कोर्व्हॅलिसपासून पोर्टलंडपर्यंत चार-पाच कॉलेजं हाकेच्या अंतरावर आहेत. कोलोरॅडो स्टेटला वायोमिंग तासाभरावर, आणि ते वायोमिंग तुम्ही माउंटन वेस्टमध्ये मागे ठेवून आलात, तर निदान त्याच्या व्हॉलीबॉलच्या मुलींशी खेळणं सोडू नका. युटा स्टेट आणि बॉइसी यांची जोडी लावा, गुरुवार-शनिवारची जुनी आखणी फडताळात असेल तर बाहेर काढा. टेक्सस स्टेटच्या पोरांना पश्चिमेकडे आणाल तेव्हा एका फेरीत दोन-तीन गावं उरकून पाठवा आणि परीक्षेच्या आठवड्यात अजिबात बोलावू नका. सॅन मार्कोसच्या आयांनाही रात्री फोन येतात. आणि टीव्हीवाल्यांनी मंगळवारी रात्री नऊचा सामना मागितला तर नाही म्हणायचा अधिकार स्वतःकडे ठेवा, कागदावर, सहीनिशी. शब्दावरच्या आघाडीचं काय होतं ते तुम्ही पाहिलं आहेच.

२०२५ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट एकमेकांशी दोनदा खेळले, १ तारखेला कोर्व्हॅलिसला आणि २९ ला पुलमनला. खेळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. लोक हसले. मला ते दोन सामने आवडले. एकदा त्यांच्या घरी, एकदा आपल्या.

आता आयडाहो. पूर्वी रीत होती, १९३८ च्या सुमाराची: पुलमन आणि मॉस्को यांच्यातल्या फुटबॉल सामन्यात जो हरेल त्याच्या विद्यार्थ्यांनी जिंकलेल्याच्या गावापर्यंत चालत जायचं, आठ मैल. १९५४ ला आयडाहोने २९ वर्षांनी सामना काढला आणि पुलमनच्या पोरांचा जथा गव्हाच्या टेकड्यांमधून मॉस्कोपर्यंत चालत गेला. मी शिकत होते त्या शेवटच्या वसंतात, १९९८ ला, दोन गावांमधल्या जुन्या रेल्वेच्या जागेवर सायकलवाट उघडली. मी पहिल्याच आठवड्यात त्या वाटेने मॉस्कोला जाऊन कॉफी पिऊन आले, सपाट रस्ता आहे, चढ नाही. फुटबॉलमध्ये आयडाहो अधूनमधून तुमच्याकडे येतं, मोबदला घेऊन, पाहुण्यासारखं. मला पाहुणा नकोय. व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉल, दरवर्षी, एकदा तिकडे आणि एकदा इकडे, कुठल्याही कॉन्फरन्सच्या हिशेबात न धरता.

पुढच्या वेळापत्रकात मॉस्कोचा व्हॉलीबॉल सामना दिसला तर मी बीव्हर्टनहून सहा तास गाडी चालवत येईन, पुलमनला दुग्धशाळेमागे गाडी लावेन आणि उरलेले आठ मैल त्या वाटेने पायी जाईन. पन्नाशी उलटली आहे, उजवा गुडघा संगमनेरच्या त्या एसटीपासून कुरकुरतोय, पण सपाट रस्त्याला तो चालतो. हरलो तर येतानाही चालेन.

कळावे,
आपली,
पुलमनची एक माजी विद्यार्थिनी
बीव्हर्टन, ऑरेगन